ब्यूलीचा ऑटोजंबल : 'बेबी हिंदुस्तान'च्या डाव्या हातासाठी दोन दिवस

आमच्या घरची १९५२ सालची 'बेबी हिंदुस्तान' मूळची माझ्या सासऱ्यांची. सांगलीत डॉक्टरकी करताना ते याच गाडीने आसपासच्या गावांत रुग्णांना पाहायला जात. पुढे गाडी थकली तेव्हा भंगारवाल्याला देण्याऐवजी त्यांनी ती लेकीला दिली, म्हणजे माझ्या पत्नीला. हिंदुस्तान मोटर्सने इंग्लंडची मॉरिस मायनर आपल्याकडे या नावाने आणली होती, त्यामुळे नाव देशी असले तरी आतले सगळे अवयव विलायती आहेत. या गाडीला लुकलुकणारे इंडिकेटर नाहीत. वळायचे असले की दरवाजामागच्या खांबातून वीतभर लांबीची, पिवळ्या काचेची एक दांडी बाहेर येते. तिचे खरे नाव ट्रॅफिकेटर, पण सासऱ्यांच्या घरी तिला सगळे 'हात' म्हणत. आमच्या गाडीचा डावा हात सात वर्षांपूर्वी एका सायकलस्वाराच्या हँडलमध्ये अडकून मोडला, आणि नाना पेठेपासून जुन्या बाजारापर्यंत आणि मुंबईच्या चोर बाजारापर्यंत शोधूनही त्याची जोड मिळाली नाही. लुकलुकणारा दिवा बसवून घ्या, असा सल्ला प्रत्येक दुकानदाराने दिला. पत्नीने तो प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून घेतला आणि मानला नाही.

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघे इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील ब्यूली या गावी गेलो ते एवढ्यासाठीच. तिथे भरणाऱ्या 'इंटरनॅशनल ऑटोजंबल' या बाजाराविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, आणि जुन्या गाड्या बाळगणारी मंडळी पुण्यात, कोल्हापुरात, मुंबईत बरीच आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आमचे मत आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. सुट्या भागांसाठी जायचे असेल तर खर्च करून जावे. गाडी खरेदी करण्याच्या हेतूने मात्र भारतातून तिथे जाण्यात अर्थ नाही.

गावाचे नाव फ्रेंच वळणाचे आहे आणि त्याचा अर्थ 'सुंदर जागा' असा होतो. स्पेलिंग पाहून आम्ही ते 'बोल्यू' असे म्हणत होतो, तेव्हा ब्रॉकनहर्स्टच्या टॅक्सीवाल्याने ते 'ब्यूली' असल्याचे सौम्यपणे सांगितले. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून ब्रॉकनहर्स्टला थेट गाडी आहे आणि साधारण दीड तास लागतो. तिथून ब्यूली सहा-सात मैलांवर आहे. वाटेत न्यू फॉरेस्टचे माळरान लागते, आणि त्यावरची तट्टे रस्त्यावर अशी निवांत उभी असतात की आपल्याकडच्या गाईंची आठवण व्हावी. ही तट्टे जंगली दिसत असली तरी ती गावकऱ्यांच्या मालकीची आहेत आणि माळावर चरण्याचा त्यांचा हक्क जुना आहे. बाजाराच्या दिवसांत ब्यूलीत किंवा ब्रॉकनहर्स्टला खोली मिळवणे अवघड आणि महाग पडते. आम्ही साउदॅम्प्टनला राहिलो आणि रोज सकाळी आगगाडीने आलो, आणि हाच मार्ग मी इतरांनाही सुचवीन.

'जंबल सेल' म्हणजे चर्चच्या किंवा शाळेच्या मदतीसाठी लोकांनी दिलेल्या जुन्यापान्या वस्तूंची विक्री. त्या शब्दाला मोटार जोडून 'ऑटोजंबल' हा शब्द ब्यूलीकरांनीच घडवला आणि १९६७ पासून हा बाजार तिथे भरतो. मे महिन्यात त्याची छोटी आवृत्तीही असते, पण खरी जत्रा सप्टेंबरच्या शनिवार-रविवारची. राष्ट्रीय मोटार संग्रहालयाला लागून असलेल्या कुरणांत दोन हजारांहून अधिक गाळे लागतात, आणि हा आकडा वाचताना जे वाटते त्यापेक्षा तो पायांना फार मोठा वाटतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही जेमतेम एक कुरण पुरे केले होते.

आपल्या जुन्या बाजाराशी याची तुलना करण्याचा मोह होतो आणि ती काही अंशी बरोबरही आहे. तेच जमिनीवर पसरलेले ताडपत्रीचे तुकडे आणि तीच गंजाची, जुन्या तेलाची वासाळ हवा. सकाळी चढा असणारा आणि उन्हे कलली की उतरणारा भावही तोच. फरक विक्रेत्यात आहे. जुन्या बाजारात माणूस हाती येईल ते विकतो. इथे बहुतेकांनी एखादा विषय धरून ठेवलेला असतो. एका गाळ्यावर केवळ स्पार्क प्लग होते, लाकडी खणांत मोत्यांसारखे मांडलेले. दुसऱ्यावर केवळ चाकांच्या मधल्या टोप्या, तिसऱ्यावर स्मिथ्स कंपनीची घड्याळे आणि वेगमापक, चौथ्यावर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश नटबोल्टांच्या मापाचे पाने, ज्यांच्यासाठी आमच्या पुण्याच्या मेकॅनिकने जाताना खास निरोप दिला होता. एका वृद्ध गृहस्थांकडे फक्त मॅग्नेटो होते, म्हणजे जुन्या इंजिनांत ठिणगीसाठी वीज तयार करणारी चुंबकी यंत्रे. मी सहज चौकशी केली, तर त्यांनी घेण्याचा आग्रह न करता मॅग्नेटोतले चुंबक वयोमानाने कसे क्षीण होते आणि पुन्हा कसे भारता येते हे मला वीस मिनिटे समजावून सांगितले. आम्हाला मॅग्नेटो नको होता हे त्यांना पहिल्याच मिनिटात कळले असावे.

पत्नीची तयारी माझ्याहून पक्की होती. मोडका हात तिने जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळून सोबत घेतला होता, आणि पर्समध्ये बारीक मोजमापाचा व्हर्नियर कॅलिपर होता. 'मॉरिस मायनरचा ट्रॅफिकेटर' एवढे सांगून काम भागत नाही हे तिला ठाऊक होते, कारण गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या ल्युकस कंपनीने निरनिराळ्या गाड्यांसाठी निरनिराळ्या लांबीचे आणि वेगवेगळ्या ठिकाणी भोके असलेले हात बनवले होते आणि डोळ्यांना ते सगळे भावंडांसारखे दिसतात. शनिवारी आम्हाला तीन ठिकाणी हात मिळाले. पहिला अर्ध्या इंचाने लांब निघाला, दुसऱ्याची काच तडकलेली होती, तिसऱ्यात हात उचलणाऱ्या विजेच्या गुंडाळीची तार जळलेली होती. रात्री साउदॅम्प्टनला परतल्यावर मी म्हटले की आता नाहीच मिळाला तर लंडन पाहून परत जाऊ. त्यावर पत्नी म्हणाली, "अहो, लंडन कुठे पळून जातंय? रविवारी लवकर निघू."

रविवारी सकाळी ओल्या गवतातून चालताना एका गाळ्याच्या मेजाखाली खोके दिसले. त्यात सुतळीने बांधलेले वीस-बावीस हात होते. पत्नी तिथेच गुडघ्यांवर बसली, आपला मोडका हात तिने पातळातून बाहेर काढला आणि एकेक हात त्याच्याशेजारी ठेवू लागली. विक्रेता साठीचा, कानावर पेन्सिल खोचलेला. त्याने आधी तिच्या हातातील कॅलिपरकडे पाहिले आणि मग खुर्ची पुढे सरकवली. अकरावा हात लांबीला बसला. स्क्रूची भोकेही जुळली. विक्रेत्याने मेजाखालून जुनी बॅटरी ओढली आणि दोन तारा लावल्या. 'टक्' असा आवाज झाला, हात निम्मा वर आला आणि तिथेच थांबला. पत्नीने काही न बोलता त्याच्याकडे पाहिले. त्याने शिवणयंत्राच्या कुपीतून पातळ तेलाचा एकच थेंब बिजागरीवर सोडला, हात चार वेळा बोटाने हलवला आणि पुन्हा तारा लावल्या. या वेळी तो पूर्ण आडवा झाला, आतला छोटा दिवा पेटला, आणि प्रवाह तोडताच स्वतःच्या वजनाने खाली येऊन बसला. "जाड तेल कधीही घालू नका, आणि वळण संपल्यावर हात वर ठेवू नका, गुंडाळी तापते," असे त्याने बजावले. त्याने चाळीस पौंड सांगितले आणि आम्ही पस्तीस दिले. खरे तर पंचेचाळीस मागितले असते तरी दिले असते, पण ते आमच्या चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी त्या वेळी पलीकडच्या एका पेट्रोलच्या डब्याकडे पाहत होतो.

जाता जाता त्या विक्रेत्याने एक मडगार्डही दाखवले आणि हसत म्हणाला की हे तुमच्या शेजारून आले आहे. ते श्रीलंकेत बनलेले होते. मॉरिस मायनरचे पत्र्याचे भाग एकेकाळी तिथे तयार होऊन इंग्लंडला जात, ही गोष्ट मला तोवर केवळ ऐकून माहीत होती. मायनरचे नवे भाग इंग्लंडमध्ये आजही बऱ्यापैकी मिळतात आणि टपालाने मागवता येतात, मग एवढा प्रवास कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की सहज मिळणारे भाग बहुतांशी नंतरच्या वर्षांतील गाड्यांचे असतात. आमच्या गाडीत ९१८ सीसीचे जुने साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, समोरची काच दोन तुकड्यांची आहे, आणि अशा सुरुवातीच्या मायनरच्या कितीतरी वस्तू आता कोणी बनवत नाही. त्या कोणाच्या तरी शेडमधून निघून अशा कुरणांतच येतात.

आता तक्रारीचे. त्याच दिवशी मी स्वतःच्या हुशारीवर एसयू कंपनीचा, टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे नेणारा, विजेवर चालणारा एक पंप घेतला. विक्रेत्याने त्यावर 'तपासलेला' अशी चिठ्ठी बांधली होती, आणि पत्नी त्या वेळी दोन रांगा पलीकडे दाराच्या मुठी पाहत होती. हा पंप चालू असला की त्याची टिकटिक ऐकू येते, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी ती ऐकणे हा आमच्याकडे देवापुढे दिवा लावण्यासारखा नेम आहे. पुण्यात आणून जोडला तर टिकटिक नाही. उघडून पाहिले तेव्हा आतला पडदा पापडासारखा कडक झालेला होता आणि संपर्कबिंदू काळे पडले होते. पंचवीस पौंड गेले. दोष त्या विक्रेत्याचा आहेच, परंतु शेजारच्या गाळ्यावर बॅटरी असताना मी चिठ्ठीवर विश्वास ठेवला, हा माझा. इथे विकलेला माल परत घेण्याची पद्धत जवळपास नाहीच. रविवारी संध्याकाळी माणूस गाडी भरून निघून जातो आणि त्याला पुढच्या वर्षी शोधणे म्हणजे आषाढीच्या गर्दीत हरवलेली चप्पल शोधणे. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू बॅटरीला लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये. ल्युकसच्या मालावरून इंग्रज लोक स्वतःच हसतात आणि त्या कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात, ते उगीच नव्हे.

विक्रीच्या गाड्यांसाठी 'ऑटोमार्ट' नावाचा वेगळा भाग आहे, आणि आमचा सर्वांत धोक्याचा तास तिथेच गेला. तिथे १९४९ सालची एक मायनर उभी होती, हेडलाइट मडगार्डवर नसून खाली जाळीतच असलेली. तिच्या बंपरच्या मधोमध चार इंची जोडपट्टी होती. ही पट्टी म्हणजे या गाडीच्या जन्मखुणेसारखी आहे. अभिकल्पक अलेक इसिगोनिस यांना गाडी अरुंद वाटली, म्हणून त्यांनी नमुन्याची गाडी उभी कापून दोन भाग दूर सरकवले आणि चार इंचांची रुंदी पक्की केली. तोवर बंपर मात्र तयार झाले होते, तेव्हा तेही कापून मध्ये पट्टी जोडली गेली. बॉनेटच्या मधोमध असलेला सपाट पट्टाही त्याच चार इंचांचा आहे, आणि तो आमच्या गाडीवर रोज पुसताना मला त्यामागची गोष्ट ठाऊकच नव्हती. पत्नीने पट्टीवरून बोट फिरवले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही, तेव्हा मी मनातल्या मनात बँकेतील ठेवी मोजू लागलो.

नंतर आम्ही विजेरी घेऊन गाडीखाली वाकलो. दारांखालच्या पट्ट्या, मागच्या स्प्रिंगा जिथे टांगलेल्या असतात ती जागा आणि पुढच्या सांगाड्याचे दोन्ही पाय, या तीन ठिकाणी मायनर आधी कुजते, आणि या गाडीत तिन्ही ठिकाणी रंगाखाली फुगवटे होते. शिवाय पुढच्या चाकाच्या ट्रनियनला, म्हणजे चाक वळते त्या सांध्याला, वेळेवर ग्रीस मिळाले नाही तर तो झिजून निसटतो आणि चाक बाहेरच्या बाजूला कोलमडते. इथे चाक हलवले तर खडखड स्पष्ट जाणवली. एवढे सोडले तरी हिशेब जुळत नाही. इंग्लंडातील किंमत, जहाजाचे भाडे, भारतात येताना लागणारे जबर सीमाशुल्क आणि त्यापुढची कागदपत्रे हे सगळे मिळवले की गाडीची किंमत दुपटीच्याही पुढे जाते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळू लागली आहे. त्याचे पहिले शुल्क वीस हजार रुपये आहे. ही सोय चांगली आहे, परंतु त्यात देशात आधीपासून असलेली गाडी जपणे जितके सुलभ होते तितके बाहेरून आणणे होत नाही. शनिवारी तिथेच बॉनहॅम्स या कंपनीने मांडलेला गाड्यांचा लिलावही होता. तो आम्ही उभ्या उभ्या पाहिला. बोली संपल्यावर घेणाऱ्याला त्यावर कंपनीचे कमिशन वेगळे द्यावे लागते, हे लक्षात ठेवून बघितले की करमणूक निर्धोक होते.

बाजाराच्या तिकिटावरच संग्रहालय पाहता येते, आणि पायांना विसावा म्हणून तरी ते पाहावेच. ब्यूलीचे लॉर्ड एडवर्ड माँटेग्यू यांनी १९५२ मध्ये आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ वाड्याच्या दर्शनी दालनात मोजक्या जुन्या गाड्या मांडल्या, तिथून याची सुरुवात झाली, आणि आजची इमारत १९७२ ची आहे. १९२७ साली मोटारींत ताशी २०० मैलांची मर्यादा सर्वप्रथम ओलांडणारी सनबीम तिथे आहे, आणि वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनल्ड कँबेल यांची निळी ब्लूबर्ड मोटारही. आम्ही मात्र अधिक वेळ रोल्स रॉइसच्या बॉनेटवरील पंख पसरलेल्या स्त्रीपुतळीसमोर उभे राहिलो. शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी ती जिच्यावरून घडवली असे मानले जाते, ती एलिनॉर थॉर्न्टन ही एडवर्ड यांचे वडील जॉन माँटेग्यू यांची सचिव होती. भारत सरकारचे यांत्रिक वाहतुकीचे सल्लागार म्हणून जॉन माँटेग्यू मुंबईला निघाले असता, ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने त्यांचे 'पर्शिया' हे जहाज बुडवले. माँटेग्यू वाचले, एलिनॉर बुडाली. मुंबईतील लग्नांच्या वरातीत फुलांच्या माळांखाली झाकलेली ती पुतळी मी कितीदा तरी पाहिली आहे, पण जिच्यावरून ती घडली ती मुंबईच्या वाटेवरच गेली, हे तिथे उभे राहिल्यावर कळले.

सोयींविषयी थोडक्यात. जमीन गवताची आहे आणि पाऊस झाला की चिखल होतो, तेव्हा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेतच. अनुभवी लोक छोटी हातगाडी घेऊन येतात, काहींनी तर बाळाची जुनी बाबागाडी आणली होती आणि तिच्यात बाळाच्या जागी गिअरबॉक्स झोपला होता. रोख पौंड जवळ ठेवावेत. शाकाहारी माणसाला चिप्स आणि चीज सँडविच यांपलीकडे फारसे काही मिळत नाही, आणि आमचे दोन्ही दिवस सांगलीच्या भडंगावर गेले. ते भडंग मी मॅग्नेटोवाल्या आजोबांनाही दिले. त्यांनी मूठभर खाऊन शेंगदाणे अजून हवेत असे सांगितले, आणि या मताशी माझी पत्नी सहमत आहे.

सामान आणण्याबाबत एकच सूचना करतो. पेट्रोलचा वास येणारी कोणतीही वस्तू, म्हणजे कार्बुरेटर, पंप किंवा टाकी, विमान कंपनी धोकादायक ठरवून नाकारू शकते. त्यामुळे ती आधी पूर्ण रिकामी करून, धुऊन आणि सुकवूनच बॅगेत भरावी. गाळ्यावरच साध्या कागदावर वस्तूचे नाव आणि रक्कम लिहून सही घ्यावी. मुंबई विमानतळावर क्ष-किरण यंत्रात आमच्या बॅगेतील लोखंड पाहून अधिकाऱ्याने ती उघडायला लावली. हे काय आहे, असे त्याने विचारले. "गाडीचा हात," पत्नी म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी घाईघाईने पस्तीस पौंडांची पावती पुढे केली.

दसऱ्याच्या आदल्या रात्री आम्ही तो बसवला. खांबातली जुनी तार आखूड पडली म्हणून पत्नीने नवी जोडली, आणि मी विजेरी धरण्याचे काम केले. एसयूचा पंप अजून टेबलावर उघडा पडला आहे. त्याच्या दुरुस्तीचा संच इंग्लंडहून टपालाने मागवला आहे, आणि तो येईपर्यंत गाडी जुन्या पंपावरच चालते. तो थंडीत कधी कधी टिकटिक करायला विसरतो, आणि तेव्हा त्याला पान्याच्या दांड्याने हलकेच एक टोला द्यावा लागतो.